गोगलगायी, अळंबी आणि आलिगोते

फ्रान्समध्ये एस्कार्गो, म्हणजे खायच्या गोगलगायी, मागवल्या की बहुतेक ठिकाणी एकच ताट पुढे येतं. शंखात ठासून भरलेलं लसूण-पार्सलीचं बटर, ओव्हनमधून काढल्यावरही खदखदणारं, सोबत शंख धरायचा चिमटा आणि दोन दातांचा बारीक काटा. पदार्थ चविष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात जीभभर लागते ती लसणाची आणि बटरची चव. गोगलगाय स्वतः कशी लागते हे मला कळलं ते फ्रान्सच्या पूर्वेकडच्या बर्गंडी प्रांतातल्या एका घरात, शंखाबाहेर काढून अळंबीबरोबर पांढऱ्या वाइनच्या सॉसमध्ये शिजवलेल्या पदार्थातून. हा पदार्थ मी शेवटच्या पळीपुरता नव्हे, गोगलगाय गोळा करण्यापासून शिकलो. म्हणून तो तसाच, पहिल्यापासून सांगतो.

मी नोकरीनिमित्त बर्गंडीतल्या दिजाँ शहरात राहतो. आमच्या शेजारच्या मादाम मूळच्या शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवरच्या, द्राक्षमळे असलेल्या घरातल्या. वय झालंय, पण माहेरची पडीक बांधाची जमीन आणि दगडी तळघर असलेलं जुनं घर त्यांनी ठेवलंय. इतकी वर्षं शेजारी राहूनही आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणतो. इकडे ती दुराव्याची खूण नाही, रीत आहे. मी जेवणाची आवड असलेला माणूस आहे हे त्यांना ठाऊक होतं. एका ऑक्टोबरात दोन दिवस पाऊस पडून गेला, तशा त्या म्हणाल्या, “बूट घाला, आपण गावाकडे जाऊ.”

ही गोगलगाय कुठल्याही जमिनीत सापडत नाही. तिला शंख बांधायला चुना लागतो, आणि दिजाँपासून खाली पसरलेल्या या टेकड्या चुनखडीच्या आहेत. ज्या जमिनीमुळे इथली वाइन प्रसिद्ध झाली, त्याच जमिनीमुळे इथली गोगलगायही मोठी होते. तिचं शास्त्रीय नाव हेलिक्स पोमाटिया, बाजारातलं नाव ‘एस्कार्गो द बुर्गोन्य’, म्हणजे बर्गंडीची गोगलगाय. संध्याकाळी, गवत ओलं असताना, दगडी बांधांच्या फटींत आणि झुडपांच्या कडेला शोधायचं. मादाम लहान असताना बादल्या भरून मिळायच्या म्हणे. पुढे द्राक्षांवर फवारण्या वाढल्या, बांधावरची झुडपं काढली गेली, आणि गोगलगायी कमी झाल्या. म्हणून त्या दर वर्षी जात नाहीत, आणि जातात तेव्हाही फक्त स्वतःच्या बांधावरच्या, तेवढ्या जेवणापुरत्या उचलतात.

त्यांच्या कोटाच्या खिशात तारेचं एक कडं होतं. आतला व्यास बरोबर तीन सेंटिमीटर. १९७९च्या एप्रिलमधल्या सरकारी आदेशानुसार फ्रान्समध्ये ही गोगलगाय १ एप्रिल ते ३० जून या काळात रानातून उचलायला बंदी आहे, कारण तो तिच्या जुगण्याचा आणि अंडी घालण्याचा काळ. उरलेल्या महिन्यांतही शंख तीन सेंटिमीटरहून लहान असेल तर हात लावायचा नाही. कड्यातून शंख सहज निसटला की मादाम तो होता त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून ठेवत. मोठे शंखही त्या नखाने तपासत. तोंडाची कड पातळ आणि धारदार असेल तर ती अजून वाढतेय, कड जाड होऊन बाहेर वळली असेल तर ती पुरती वाढलेली. रानात तिला इथवर यायला दोन-तीन वर्षं लागतात. हे समजल्यावर टोपलीतल्या प्रत्येक शंखाचं वजन वेगळं वाटायला लागतं.

याच कारणामुळे ती फार्मवर परवडत नाही. फ्रान्समधले गोगलगाय-पालक पाळतात त्या बहुतेक करून पेती-ग्री आणि ग्रो-ग्री, म्हणजे लहान करडी आणि मोठी करडी. त्या वसंतात जन्मतात आणि शरदापर्यंत ताटात येण्याजोग्या होतात. ‘बर्गंडीची’ म्हणून डब्यात मिळणाऱ्या गोगलगायी मात्र बहुतांशी पूर्व युरोपातून आलेल्या असतात. नावातला बर्गंडी हा जातीचा आहे, गावाचा नाही. डबा विकत घेणाऱ्याने हे माहीत असू द्यावं. त्याने चव बिघडत नाही, पण आपण काय खातोय ते कळतं.

आणलेल्या गोगलगायी लगेच शिजवायच्या नसतात. ती रानात काय काय खाते याचा भरवसा नाही. माणसाला विषारी असलेली काही झाडं तिला सहज पचतात, आणि तो पाला तिच्या पोटात असतो. म्हणून आधी उपास. मादामनी त्या लाकडी खोक्यात ठेवल्या, वर जाळी आणि जाळीवर वीट, कारण या प्राण्याच्या अंगात दिसतं त्यापेक्षा खूप जोर असतो. नुसतं झाकण तो रात्रीत सरकवतो. खोकं तळघरात, थंड अंधारात. पहिले काही दिवस चिमूटभर कोंडा आणि थाइमच्या काड्या, नंतर काहीच नाही. एक दिवसाआड खोकं आणि गोगलगायी साध्या पाण्याने धुवायच्या, विष्ठा काढायची. हे आठ-दहा दिवस चालतं. विष्ठा येणं थांबलं की पोट रिकामं झालं असं समजायचं. या काळात काही मरतात. बोट लावल्यावर जी आत ओढून घेत नाही, किंवा जिला वास येतो, ती टाकून द्यायची, तिथे दयामाया नाही.

या दिवसांत मी लातूरकडच्या माझ्या धाकट्या भावाशी फोनवर बोललो. त्याला सांगितलं, आम्ही गोगलगायी उपाशी ठेवल्यात. तो गप्पच झाला. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात खाऊन टाकले होते. आमच्याही रानात दुबार पेरणी झाली. घरातली पोरंसोरं पहाटे उठून गोगलगायी वेचायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची, बांधाच्या कडेने चुन्याचे पट्टे ओढले होते. त्याच प्राण्याला इथे लोक पैसे मोजतात हे त्याला पटेना. मग त्याने विचारलं ते रास्त होतं, “दादा, मग आपल्याकडच्या खाता येतील का?”

नाही. आणि हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण वाचून कुणाला तरी मोह व्हायचा. मराठवाड्यात आलेली ती आफ्रिकन महाकाय गोगलगाय, अकॅटिना. जात वेगळी. तिच्या अंगात फुप्फुसजंताची अळी असू शकते. अर्धकच्च्या गोगलगायीतून ती माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचते, आणि नुसती हाताळतानाही काळजी लागते. त्यात आपल्या शेतांत तिला मारायला मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकलेल्या असतात. विष खाल्लेली गोगलगाय कुठल्याही उपासाने शुद्ध होत नाही. काही देशांत अकॅटिना खातात, आणि युरोपच्या बाजारात तिचे डबेही येतात, पण ती मुद्दाम पाळून, तपासून, पूर्ण शिजवून. बांधावरून उचललेल्या गोगलगायीची ती गोष्ट नाही. भावाला मी एवढंच म्हणालो, तू वेच आणि खड्ड्यात पूर, खायचं नाव काढू नको.

उपास संपला. मादामनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. जुन्या पद्धतीत जिवंत गोगलगायींवर खडेमीठ आणि व्हिनेगर टाकून, फेस येऊ देऊन, चिकटा काढतात. मादाम ते करत नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या फेसाबरोबर चवही जाते, मांस घट्ट होतं, आणि त्या जिवाचे उगाच हाल होतात. मला तिन्ही कारणं पटतात, तिसरं सर्वांत जास्त. खळखळत्या पाण्यात थोड्या थोड्या टाकायच्या म्हणजे पाण्याची उकळी मोडत नाही आणि सगळं क्षणात होतं. पाच मिनिटांनी झाऱ्याने काढून थंड पाण्यात.

मग शंखातून काढणं. दोन दातांचा काटा मांसात रोवायचा आणि ओढायचं नाही, शंखाच्या वळणाने मनगट फिरवायचं. ओढलं की मांस तुटतं आणि शेपटाकडचा भाग आतच राहतो. फिरवलं की अख्खी गोगलगाय वेटोळ्यासकट बाहेर येते. पुढचा घट्ट करडा भाग म्हणजे पाय, त्याच्यामागे पातळ पडदा, आणि शेवटी काळपट मऊ वेटोळं, ज्यात यकृत आणि पचनाची इंद्रियं असतात. ते वेटोळं कापून टाकायचं. पाळलेल्या करड्या गोगलगायींचं ते काही खवय्ये मुद्दाम ठेवतात, त्यांना त्यातच खरी चव वाटते. रानातल्या मोठ्या गोगलगायीच्या वेटोळ्यात माती आणि कडवटपणा राहतो, ते नको. काकडीचं कडू टोक कापावं तितकं सहज मादाम ते कापत होत्या, सुरीकडे न बघता. पडदाही काढला. उरला तो फक्त पाय, अंगठ्याच्या पेराएवढा.

चिकटा काढायची वेळ आता येते, मांस शंखाबाहेर आल्यावर. वाडग्यात मूठभर खडेमीठ, व्हिनेगरचा शिडकावा, आणि हातांनी चोळायचं. पांढरा, धाग्यांचा चिकटा सुटतो. धुवायचं, परत चोळायचं, परत धुवायचं. पाणी निवळ होईपर्यंत आणि बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला आडवाट नाही. इथे घाई झाली तर सॉसला एक धाग्याचा, ओशट पोत येतो आणि मग कितीही क्रीम ओता, तो जात नाही.

यानंतर कूर-बुयाँ, म्हणजे भाज्या, सुवासिक पाला आणि वाइन घातलेलं पाणी. गाजर जाड कापून, एक कांदा दोन लवंगा टोचून, सेलरीचा दांडा, थाइम, लॉरेलचं पान, पार्सलीच्या काड्या, मिरीचे दाणे, मीठ, आणि अर्धी बाटली आलिगोते, म्हणजे इथली कोरडी पांढरी वाइन. त्यात गोगलगायी बुडतील इतकं पाणी. पहिल्या उकळीला वर येणारा फेस काढायचा, मग आच इतकी कमी करायची की बुडबुडा एखादाच फुटावा. अडीच-तीन तास. पहिल्या तासात मांस रबरासारखं घट्ट होतं, आणि चाखून पाहणारा इथेच नाउमेद होतो. दुसऱ्या तासात ते हळूहळू सैल पडायला लागतं. टोचणी विनासायास आत गेली की झालं. इतकं शिजवणं चवीसाठी आहे तसंच सुरक्षिततेसाठीही. गोगलगाय अर्धकच्ची खायचा पदार्थ नाही.

आच बंद केल्यावर त्या बाहेर काढायच्या नाहीत. त्याच पाण्यात गार होऊ द्यायच्या, रात्रभर तळघरात ठेवायच्या. गार होताना त्या तो अर्क आत ओढून घेतात. मादाम म्हणाल्या, “आजचं काम संपलं, आता त्या त्यांचं काम करतील.”

दुसरा दिवस शनिवार होता, दिजाँच्या ‘ले आल’चा बाजाराचा दिवस. १८७०च्या दशकातलं हे लोखंडी खांबांचं आणि काचांचं मंडईचं घर मला या शहरात सर्वांत आवडतं. ऑक्टोबरात तिथे रानातल्या अळंबीची रेलचेल असते. जर्दाळूच्या रंगाच्या आणि किंचित तसाच वास असलेल्या जिरोल, जाड देठाच्या सेप, काळ्या कर्ण्यासारख्या त्रोंपेत. रानातून स्वतः वेचून आणणारेही इथे पुष्कळ. शंका असेल तर ते टोपली घेऊन सरळ औषधाच्या दुकानात जातात, कारण इथल्या औषधविक्रेत्यांना अळंबी ओळखायचं शिक्षण दिलेलं असतं. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

आम्ही चार माणसांसाठी घेतली तीनशे ग्रॅम साधी पॅरिसची अळंबी, तपकिरी टोपीची, घट्ट मिटलेली, आणि दीडशे ग्रॅम जिरोल. मी सेपकडे हात नेला तर मादामनी मान हलवली. सेपची चव भारदस्त, ती गोगलगायीवर चढून बसते. पॅरिसची अळंबी सॉसला अंग देते आणि जिरोल सुगंध, यापलीकडे या पदार्थाला काही नको. त्यांचं हे म्हणणं मी नंतर सेप घालून पडताळलं आणि ते बरोबर आहे.

अळंबी पाण्यात बुडवायची नाही. ब्रशने माती झाडायची, फारच मळकी असेल तर ओलं फडकं फिरवायचं. जाड बुडाचा तवा चांगला तापवून, कोरड्यावरच, अळंबी एका थरात पसरायची. गर्दी केली की ती भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडते. पाणी सुटतं, आटतं, आणि तवा परत चुरचुरायला लागतो. त्या क्षणी बटर घालायचं, आधी नाही. मीठ त्याच्याही नंतर. कडा सोनेरी झाल्या की बाजूला काढून ठेवायची. ती सॉसमध्ये शिजवायची नसते, अगदी शेवटी मिसळायची, म्हणजे दाताखाली तिचा तिचा पोत राहतो.

आता वाइन. आलिगोते ही बर्गंडीची दुसरी पांढरी द्राक्षजात. सगळा मान शार्दोनेला, चांगली उतारावरची जमीनही तिलाच, आणि आलिगोतेला उरलेली. बूझरों नावाच्या एका गावाने मात्र तिचा मान राखला, आणि १९९८ साली त्या गावाच्या आलिगोतेला गावाच्या नावाचा स्वतःचा वेगळा अधिकृत दर्जा मिळाला. दिजाँकर तिला ओळखतात ती ब्लॅककरंटच्या गोड मद्यात मिसळून प्यायच्या ‘कीर’मुळे. १९४५पासून १९६८पर्यंत दिजाँचे महापौर असलेले धर्मगुरू फेलिक्स कीर पाहुण्यांना तेच देत, म्हणून त्या पेयाला त्यांचं नाव पडलं. आलिगोते आंबट, सडपातळ, कोरडी असते, आणि या सॉसला नेमकं तेच हवं. क्रीम आणि बटरचा जडपणा कापायला आंबटपणा लागतो. ओकच्या पिंपात मुरवलेली भारी शार्दोने आटवली की लाकडाचा कडवटपणा वर येतो, म्हणजे महागडी बाटलीही वाया आणि सॉसही. गोडसर वाइन तर अजिबातच नको. प्यायला आवडेल अशी साधी कोरडी वाइन घ्यावी, कारण उरलेली बाटली जेवताना टेबलावर येते.

सॉस व्हायला अर्धा तास पुरतो, पण त्या अर्ध्या तासात शेगडीपुढून हलायचं नाही. तीन शॅलट, म्हणजे लहान सौम्य कांदे, अगदी बारीक चिरून मंद आचेवर बटरमध्ये घालायचे. ते पारदर्शक व्हावेत, लाल होऊ नयेत. लाल झाले तर सॉस गोडूस आणि तपकिरी होतो. लसूण एकच पाकळी, किसलेली, आणि तीही शॅलट मऊ झाल्यावर. ज्या पदार्थातून लसणाचं राज्य घालवायचं ठरवलं, त्यात ती जपूनच टाकायची. मग पाव लिटर आलिगोते, आच मोठी. पहिल्या वाफेत नाकाला झोंबणारा मद्याचा वास येतो, तो गेला की फळाचा वास उरतो. वाइन तिसऱ्या हिश्श्यावर येईपर्यंत आटवायची. भांडं स्टीलचं किंवा मुलामा दिलेलं असावं, उघड्या ॲल्युमिनियममध्ये वाइनच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

यापुढची गोष्ट मला कुठल्याच हॉटेलच्या ताटात सापडली नव्हती, आणि मादामच्या सॉसचं सगळं मर्म त्यात आहे. रात्रभर मुरलेलं कूर-बुयाँ त्यांनी गाळून घेतलं आणि त्यातलं दीडशे मिलिलिटर वाइनमध्ये ओतलं. परत निम्मं आटवलं. गोगलगायीने ज्या पाण्यात तीन तास काढले त्याच पाण्याचा सॉस, म्हणजे सॉस आणि मांस एकमेकांना परके राहत नाहीत. हे पाणी खारट असतं, म्हणून वेगळं मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

मग दोनशे मिलिलिटर क्रेम फ्रेश, म्हणजे किंचित आंबट दाट क्रीम. पातळ, कमी चरबीची क्रीम वाइनच्या आंबटपणाने फुटते, तीस टक्क्यांच्या वरची चरबी असलेली टिकते. मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही. दाटपणा फक्त आटवण्यातून यावा, यावर मादाम फार ठाम आहेत. मैद्याने सॉस लवकर दाट होतो आणि जिभेवर चिखलासारखा बसतो, वाइनचा आंबटपणा झाकला जातो. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला आणि बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की सॉस झाला. त्यात निथळलेल्या गोगलगायी, चार डझन. इथे त्या डझनावरच मोजतात, माणशी बारा. अगदी मंद आचेवर दहा मिनिटं, उकळी न आणता. मग अळंबी तव्यातल्या रसासकट, मूठभर चिरलेली पार्सली, ताजी दळलेली मिरी. आच बंद करून थंड बटरचा एक खडा घालायचा आणि भांडं गोल फिरवायचं. बटर वितळता वितळता सॉसला चकाकी येते.

मातीच्या छोट्या वाट्यांत, ज्यांना इथे कासोलेत म्हणतात, गरमागरम वाढायचं. सोबत भाजलेला गावठी पाव, सॉस टिपायला. चिमटा नको, दोन दातांचा काटा नको, साधा काटा पुरतो.

पहिल्या घासाला मला जे लागलं ते शब्दात पकडायचा प्रयत्न करतो. मांस मऊ, पण विरघळणारं नाही. दात हलकेच अडतो आणि मग ते सुटतं. चव मातीची, पण कच्च्या मातीची नव्हे. ओल्या पाचोळ्याची, किंचित हेझलनटची, मागून एक गोडसर खनिज झाक. शेजारी अळंबीची चव आली आणि लक्षात आलं की दोघांच्यात भांडण नाहीच. दोघंही त्याच पावसातून, त्याच कुजलेल्या पाल्यातून आलेले. वाइन त्यांच्यामधून आंबट धार काढत जाते आणि पुढच्या घासाला जीभ पुन्हा कोरी करून ठेवते. लसूण-बटरच्या ताटात यातलं काही ऐकू येत नाही. म्हणूनच मी म्हणतो की ज्याला एस्कार्गोची ओळख करून घ्यायची आहे, त्याने शंखातला प्रकार नंतर खावा आणि हा आधी.

मादामनी एक घास घेतला, थोडी मिरी वाढवली, आणि खाली मान घालून जेवल्या. माझ्या कासोलेतमध्ये पावाने पुसलेला तळ त्यांना दिसला तेव्हा म्हणाल्या, “आता तुम्ही एकट्याने करा.”

मी करतो, आणि दर वेळी रानातून आणत नाही. आणूही नये. चांगल्या डब्यातल्या गोगलगायी घेऊन हा पदार्थ उत्तम होतो, अट एवढीच की डबा उघडला आणि सॉसमध्ये ओतलं असं करायचं नाही. डब्यावर हेलिक्स पोमाटिया लिहिलेलं बघावं. डब्यातलं पाणी फेकावं, गोगलगायी थंड पाण्याखाली धुवाव्यात, आणि वर सांगितलं तसं लहानसं कूर-बुयाँ करून त्यात वीस मिनिटं मंद उकळाव्यात, त्यातच गार होऊ द्याव्यात. त्या आधीच शिजलेल्या असतात, हे शिजवणं नव्हे, चव परत भरणं आहे. आणि मग त्याच पाण्याचा सॉस. हा टप्पा गाळला तर डब्यातल्या गोगलगायी नुसत्या खारट लागतात, आणि लोक म्हणतात यात काही दम नाही.

पुण्याहून आलेल्या मित्रांमध्ये शाकाहारी मंडळी असतात. त्यांच्यासाठी मी हाच सॉस भाज्यांचं कूर-बुयाँ वापरून आणि अळंबी दुप्पट घालून करतो, तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. महाराष्ट्रात करायचा झाला तर नाशिककडची कोरडी पांढरी वाइन सोव्हिन्यों ब्लां त्यात चांगली चालेल, तिच्यात पुरेसा आंबटपणा असतो. शॅलट नसले तर लहान सांबार-कांदे, आणि बटण अळंबी कोरड्या तव्यावर न घाबरता नीट सोनेरी होऊ द्यायची.

उरलेला सॉस फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. गरम करताना चमचाभर पाणी घालून मंद आचेवरच करायचा, उकळला तर तूप वेगळं होतं. गाळलेलं कूर-बुयाँ मात्र कधी ओतून देऊ नये. क्रीम मिसळण्याआधी बाजूला काढून, गार करून, छोट्या डब्यांत गोठवून ठेवलं की पुढच्या वेळी डब्यातल्या गोगलगायींना उकळायला ते तयार असतं. नव्याने केलेल्या पाण्यापेक्षा त्यात त्या कितीतरी जास्त चवदार होतात. माझ्या फ्रीझरच्या खालच्या खणात ते कायम असतं, वर तारीख लिहून.